चौथ्या आणि पाचव्याच्या मधे

तिला सगळे पक्कड म्हणत. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत ती एकटीच बाई, आणि एकदा बिघाड हाताशी आला की तो सापडेपर्यंत सोडायची नाही, म्हणून पक्कड. तिच्या जोडीला तात्या होते. निवृत्तीला टेकलेले, आणि केबिनच्या छपरावर चढणं गुडघ्यांच्या नावाखाली कधीच सोडून दिलेले. ते वर मशीनरूममध्ये पॅनलपाशी बसत, ती खाली शाफ्टमध्ये, आणि दोघं फोनवर बोलत काम करत.

या पक्कडला दोनेक वर्षांपासून एक दुखणं चिकटलं होतं. फासळ्या संपतात तिथं, जरासं डावीकडे, आत खोल कुणीतरी गिरमिट फिरवतंय असं वाटायचं, आणि गिरमिटाचं टोक पाठीतून बाहेर. जेवलं की थोड्या वेळानं सुरू. उताणं पडलं की आणखी. पुढं वाकून, डावा हात फासळ्यांखाली दाबून बसलं की जरा सुसह्य. त्यामुळं ती जेवायलाच घाबरू लागली होती. नवरा हौसेनं रांधायचा, तिच्या ताटात उरलेलं बघायचा आणि म्हणायचा, "मीठ जास्त झालं का?" रोज तोच प्रश्न. पट्ट्याला तिनं खिळ्यानं नवी भोकं पाडली, तीही अपुरी पडली.

डॉक्टर झाले. गॅस झाला, ऍसिडिटी झाली. एकानं तोंडातून नळी घालून जठर पाहिलं आणि आत आरशासारखं लख्ख आहे म्हणून तिचंच अभिनंदन केलं. दुसऱ्यानं नवऱ्याला बाहेर बसवून, टेबलावर पुढं झुकून विचारलं, "रोज किती घेता?" तिनं जन्मात थेंब घेतला नव्हता. तसं सांगितल्यावर तो समजूतदारपणे हसला, ते हसू तिला दुखण्यापेक्षा झोंबलं. आणखी एकानं घरी सगळं ठीक आहे ना, म्हणून विचारलं.

गंमत म्हणजे तिला त्यांचा राग येत नसे. तिच्या धंद्यातही सगळ्यात वाईट बिघाड म्हणजे मधेच येणारा, मधेच जाणारा. चार दिवस लोक अडकतात, बोंब मारतात, आणि मेकॅनिक आला की लिफ्ट शहाण्या बाळासारखी वरखाली करून दाखवते. तिचं पोटही डॉक्टरांसमोर तसंच वागायचं.

शेवटी एक तरुण डॉक्टरीण भेटली. तिनं पोट दाबलं, पाठ दाबली, खाल्लेलं अंगी लागतं का, शौचाला तेलकट होतं का, असं कुणी न विचारलेलं विचारलं. मग पेन खाली ठेवून म्हणाली, "हे गॅसचं नाही वाटत मला. स्वादुपिंड बघायला हवं. मोठा स्कॅन करू." पक्कड त्या दिवशी घरी जिना दोन-दोन पायऱ्या चढत गेली. कुणीतरी तिचं ऐकलं होतं. स्कॅनची तारीख मात्र लांबची मिळाली, आणि तोवर काम चालूच होतं.

त्याच सुमारास त्या इमारतीची तक्रार आली. जुनी, सात मजली, सगळी कार्यालयं आणि दवाखाने. जिन्याला गुळगुळीत झालेला लाकडी कठडा, प्रत्येक मजल्यावर लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना काचेची दारं. लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधेच थांबते, मग आपली आपण सुरू होते, अशी तक्रार. तात्या वर गेले. ती केबिनमध्ये शिरली. त्या दिवशी सकाळपासूनच गिरमिट चालू होतं. भिंतीला खांदा टेकवून ती अर्धी वाकून उभी होती.

चौथा मजला गेला. केबिन मंदावली, एक बारीक हिसका बसला आणि थांबली.

दुखणं बंद झालं.

कमी झालं असं नव्हे. खटका दाबून दिवा घालवावा तसं बंद. तिनं श्वास घेतला, तो थेट तळापर्यंत गेला. ती सरळ उभी राहिली. पाठीतून काहीतरी कडकन मोकळं झालं.

"तात्या," ती फोनवर म्हणाली, "जरा वर घ्या. हळू."

केबिन वीतभर वर सरकली आणि गिरमिट परत फिरू लागलं.

"आता खाली."

बंद.

तिनं तात्यांना इतक्या वेळा वरखाली करायला लावलं की ते वैतागले. "काय सापडलं ते तरी सांग."

"सापडलंय," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. मग ती केबिनच्या फरशीवर मांडी घालून बसली, पिशवीतला डबा उघडला आणि ब्रेडमध्ये घातलेलं अंडं, बटाटे, वरचं तूप, सगळं खाल्लं. बोटं चाटली. थोडा वेळ वाट पाहिली. काही नाही. मग ती फरशीवर उताणी पडली, हात पसरून, दिव्याकडे बघत. दोन वर्षांत ती अशी पडली नव्हती. दोरांची वरून येणारी बारीक गुणगुण ऐकत तिला वाटलं, आत्ता कुणी नोकरी काढून घेतली तरी चालेल, ही जागा काढून घेऊ नये.

त्या संध्याकाळी तिनं तात्यांना खरं सांगितलं. त्यांनी चेष्टा केली नाही. चहाचा कप बशीत फिरवत राहिले. "हे बघ पोरी," ते म्हणाले, "बिघाड आपले लाड करायला लागला की हत्यारं गोळा करावीत आणि निघावं."

"तात्या, मी पोटभर जेवले आज."

"ते दिसतंय. म्हणूनच सांगतोय."

पण तिला कोण अडवणार? लिफ्ट चालू ठेवूनच तपासायला लागेल, बिघाड मधूनच येतो, असं तिनं इमारतीच्या व्यवस्थापकाला सांगितलं आणि रोज दुपारी तिथं जाऊ लागली. डबा आता मोठा न्यायची. नवरा म्हणायचा, "आज मीठ बरोबर पडलेलं दिसतंय," आणि ती मान डोलवायची. इमारतीतली माणसं ओळखीची झाली. सगळ्यांत बोलकी सहाव्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यातली नर्सबाई. हिरवा एप्रन, हातात कायम दातांच्या साच्यांची खोकी, ती तळमजल्यावर पोचवायला जायची. "माझं काय, दिवसभर दुसऱ्यांच्या दाढदुखीत," ती म्हणायची. "स्वतःला विचाराल तर घोड्यासारखी तब्येत. परवा पेशंटनं बोट चावलं, तेवढंच काय ते दुखणं."

पक्कड मनमोकळं हसायची. तिला सगळीच माणसं आवडू लागली होती.

मग एके दिवशी, नुसतं बसून खाणं बरं दिसत नाही म्हणून, तिनं खरोखरच तपासणी करायची ठरवली. माणसांच्या वजनानं केबिन कुठं अडते ते बघायला ती छपरावर बसली आणि तात्यांना लिफ्ट नेहमीसारखी चालू द्यायला सांगितलं. छपरात हवेसाठी जाळी होती. जाळीतून खालची माणसं दिसत. वकिलाचा कारकून, दोन बायका, एक टाय लावलेला गृहस्थ आणि नर्सबाई, खोक्यासकट. नर्सबाई कुणाच्या तरी कवळीचा किस्सा सांगत होती.

चौथा मजला गेला. केबिन मंदावली. पक्कडच्या पोटातलं गिरमिट थांबलं, आणि ती सवयीनं खुशीत येऊन खाली बघू लागली.

खालची सगळी माणसं पुढं वाकली.

एकाच वेळी. प्रत्येकाचा डावा हात फासळ्यांखाली गेला. कुणी कण्हलं नाही, कुणी कुणाकडे बघितलं नाही. टाय लोंबकळत राहिला. एका बाईची पर्स खांद्यावरून कोपरापर्यंत घसरली. चेहरे तिला दिसत नव्हते, नुसते भांग आणि टकलं आणि वाकलेल्या पाठी.

हिसका बसला. केबिन सुटली. सगळी सरळ झाली.

"...तर ती कवळी पाण्याच्या पेल्यात," नर्सबाई म्हणाली, आणि बायका हसल्या.

छपरावर पक्कडचं गिरमिट पुन्हा फिरू लागलं होतं. दोराला धरलेला तिचा हात ग्रीसमध्ये माखला तरी तिला कळलं नाही.

"तात्या," फोन कानाला लावून ती म्हणाली, "हत्यारं काढा. आज दुरुस्त करून टाकू."

बिघाड साधा निघाला. केबिन कुठं आहे ते यंत्राला सांगणाऱ्या, शाफ्टमधल्या एका खुणेच्या पट्टीचा स्क्रू ढिला होऊन ती वाकडी झाली होती, आणि ब्रेकचं अस्तर झिजलं होतं. तिनं पट्टी सरळ केली, तात्यांनी अस्तर बदललं. दुखण्यानं तिच्या कपाळावर घाम आला होता. शेवटची फेरी एकटीनंच करायची, असं तिनं ठरवलं. तात्यांना निक्षून सांगितलं, मी खाली पोचेपर्यंत मजल्यांवरची बटणं बंद ठेवा, कुणी आत यायला नको. वर सातव्यापर्यंत लिफ्ट सुरळीत गेली. खाली निघाली, आणि सहाव्याचं बटण बंद करायचं राहिलं असावं, तिथं दार उघडलं.

"झाली का चालू?" म्हणत नर्सबाई खोकं घेऊन आत आलीसुद्धा.

"तुम्ही पुढच्या फेरीला..." पक्कड म्हणेपर्यंत दार लागलं होतं.

पाचवा गेला. केबिन थांबली नाही, मंदावलीही नाही. पण त्या जागेवरून जाताना पक्कडच्या पोटातला खटका पडला. शेजारी नर्सबाई पुढं वाकली. खोक्यातले दातांचे साचे एकमेकांवर वाजले.

चौथा आला. नर्सबाई सरळ झाली. "छान चालतेय की आता," ती म्हणाली.

पक्कड वाट बघत राहिली. तिसरा. दुसरा. तळमजला. नर्सबाई निघून गेली. दुखणं परत आलं नाही.

रस्त्यावरही आलं नाही. घरी आलं नाही. रात्रीच्या जेवणानंतर ती श्वास रोखून बसली, आणि आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उताणी झोपेतून जागी झाली तेव्हा तिनं नवऱ्याला हलवून उठवलं आणि त्याला काही न सांगता नुसती हसत राहिली. मग सुरू झाला तो खाण्याचा सण. तळलेलं, भाजलेलं, साय, लोणी. नवरा हातात डाव घेऊन ती जेवताना बघत उभा राहायचा. ती कामावरून धावत यायची, गाणी म्हणायची, तात्यांना ओढून चहाला न्यायची. नर्सबाईचा विचार एकदोनदा मनात आला. पण ती सरळ झाली होती की. तिला काहीच झालं नव्हतं.

"स्कॅनला जा," तात्या एवढंच म्हणाले.

"आता कशाला?"

"बिघाड गेला म्हणून आपण कधी तपासणी सोडतो का?"

म्हणून ती गेली.

निकाल सांगायला डॉक्टरणीनं तिला आणि नवऱ्याला शेजारी बसवलं. पडद्यावर करड्या ढगांसारखं काहीतरी, आणि त्यात पांढरे ठिपके. "हे तुमचं स्वादुपिंड," ती म्हणाली. "हे ठिपके म्हणजे खडे. ही नळी बघा किती फुगलीये. जुनाट सूज आहे, बऱ्याच वर्षांची. आणि तुम्ही दारू घेत नाही, हे मला माहीत आहे. न घेणाऱ्यांनाही होतं."

नवऱ्यानं तोंड फिरवून डोळे पुसले. पक्कडच्या अंगावर सर्रकन काटा आला, पण तो आनंदाचा होता. म्हणजे होतं. खरंच होतं. गॅस नव्हता, मन नव्हतं, बाटली नव्हती. त्याला नाव होतं, पडद्यावर बोट ठेवून दाखवता येत होतं. तिला वाटलं, त्या सगळ्या डॉक्टरांना बोलावून इथं ओळीनं उभं करावं.

"गोळ्या देते, त्यानं खाल्लेलं पचेल. खडे काढायचं पुढं बघू," डॉक्टरीण म्हणाली. मग तिनं पडद्याकडे आणि पुन्हा पक्कडकडे बघितलं. "आत्ता दुखणं किती आहे?"

"नाहीच."

"नाहीच?"

"अजिबात."

डॉक्टरणीनं पडद्यावरच्या फुगलेल्या नळीवर परत बोट ठेवलं. "अशी नळी असताना माणूस ताठ बसू शकत नाही," ती हळूच म्हणाली.

गोळ्या घ्यायला नवरा औषधांच्या खिडकीपाशी रांगेत लागला. पक्कडला भूक आवरत नव्हती. दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये तिनं बटाट्याचे तळलेले काप घेतले, तिथंच उभ्यानं निम्मे फस्त केले, आणि उरलेले कागदात धरून, खात-खात, त्याला शोधायला प्रतीक्षागृहात आली.

खिडकीखालच्या बाकावर एक बाई पुढं वाकून बसली होती. आधी तिचा फक्त भांग दिसला. मग हिरवा एप्रन.

"अहो, तुम्ही?" पक्कड म्हणाली.

नर्सबाईनं मान वर केली. गाल आत गेले होते. ओळख पटायला तिला वेळ लागला. "लिफ्टवाल्या ताई ना," ती म्हणाली. "बसा."

पक्कड बसली नाही. "काय झालं?"

"कुणाला कळेल तर शपथ. इथं दुखतं, आणि पाठीत निघतं. सगळं करून झालं. रक्त झालं, नळी झाली, आज तो मोठा स्कॅनही झाला. आत सगळं उत्तम आहे म्हणाले. नव्या कोऱ्यासारखं. मनाचं असेल म्हणाले." ती हसायला गेली आणि मधेच थांबली, डावा हात आणखी आत दाबला. "खाण्यानं होतं म्हणावं, तर स्कॅनसाठी सकाळपासून उपाशी आहे. पाण्याचा घोटसुद्धा नाही. तरी बघा, आत्ता जरा वेळापूर्वी बसल्या बसल्या सुरू झालं."

पक्कडच्या तोंडात एक काप होता, अर्धा चावलेला.

"गिळू नका," नर्सबाई म्हणाली, आणि आपण असं का म्हणालो ते न कळून तिच्याकडे बघत राहिली.