तुरीच्या टरफलातली तहान

फोन फौजदार उद्धवरावांचा होता, करजगीहून.

"ताई, तुमची आई रॉकेल घेऊन जगदेवप्पाच्या गुरांच्या कोठ्यापुढं उभी हाय. जाळते म्हणायलीय."

"अडवा तिला," चैत्रा म्हणाली. "त्याच्या कुडातल्या तुराट्या जळाल्या तर अप्पांचा खुनी सुटला म्हणून समजा."

चैत्रा कलबुर्गीच्या प्रयोगशाळेत पिकांची तहान मोजायची. कालच पोलिसांनी तपास बंद केल्याचा कागद आईच्या, भागम्माच्या हाती पडला होता. तीन वर्षं जात्यावर भागम्माची एकच ओवी होती:

वैऱ्याच्या दारात, पेरीन बाभळीचं बी
माझ्या कुकवाचा वैरी, जात्यात भरडीन मी.

वैरी म्हणजे जगदेवप्पा. बांधावरून त्याचं आणि चैत्राच्या अप्पांचं, प्रभुलिंगचं वाकडं. तीन वर्षांमागच्या कोरड्या सालच्या कार्तिकात, भर दुपारी, प्रभुलिंग स्वतःच्या विहिरीपाशी पडलेला सापडला. डोक्यात फावड्याचा घाव. भागम्मा महिनाभर संतपूरला, आजारी आईपाशी होती.

जगदेवप्पानं जबाब दिला होता: पंधरा दिवस मी माझ्या बोअरचं पाणी तुरीला देत होतो, त्या दुपारीही. प्रभुलिंगचा धाकटा भाऊ तिप्पण्णाचा जबाबही तसाच. दादानं विहिरीचं पाणी दिलं, मीही पंधरा दिवस तूर भिजवत होतो, मोटारीच्या आवाजात हाक ऐकू आली नाही. त्याच्यावर कोण संशय घेणार? भावाला समाधीत बसवताना पहिली मूठभर माती त्यानंच टाकली होती.

चैत्रा पोचली, तेव्हा तिप्पण्णा वहिनीच्या हातातला डबा सोडवत होता.

"चिक्कप्पा, ह्या भिंतीतल्या तुराट्या कुठल्या सालच्या?" तिनं काकाला विचारलं.

"दादा गेला त्याच सालच्या. येळवशीला, मार्गशीर्षाच्या अवसेला, रानात पूजेची कोपी उभी करतावच की. तिच्या तुराट्या चुलीत घालत न्हाईत, लक्ष्मी जळती. आमच्याकडं कुडातच जात्यात, वर शेणमातीचा लेप."

"तुझ्याही कुडात?"

"व्हय. माझ्याही." तो हसला. "तुझ्या चिक्कप्पाला काय चाल मोडाय लावतीस?"

तिनं दोन्ही भिंतींतल्या शेंड्यांवर अडकलेल्या शेंगांची टरफलं पाकिटात घेतली.

महिन्यानं चावडीत सगळे बसले. फौजदारांनी अहवाल उलटसुलट केला आणि सरळ म्हणाले, मला आकडे कळत न्हाईत, तुमी सांगा.

चैत्रा सांगू लागली. तुरीच्या पानाला बारीक तोंडं असतात. पाणी असलं की ती उघडी. तेव्हा झाड हवेतला हलका कार्बन निवडून घेतं, जड बराचसा टाळतं. तहान लागली की तोंडं मिटतात. मग आत अडकलेल्या हवेतला जड कार्बनही गिळावा लागतो. तो टरफलात कायमचा राहतो. शेंगा भरतात कार्तिकात, म्हणून टरफलात त्याच पंधरवड्यांची गोष्ट असते. त्याच सालच्या भिजवलेल्या आणि कोरड्या तुरीची टरफलं प्रयोगशाळेत जपलेली होती. तिनं ती शेजारी ठेवून ताडून पाहिली.

"जगदेवअण्णांची तूर पाणी प्यालीय. एवढ्यानं ते सुटत नाहीत. पण ते खोटं बोलले नाहीत."

ती तिप्पण्णाकडं वळली.

"चिक्कप्पा, तुझी तूर तहानेनं मेलीय. पंधरा दिवसांत पाण्याची एक पाळीही तिला मिळाली नाही. मग मोटार कुठली चालू होती? अप्पांनी तुला पाणी दिलंच नव्हतं. त्याच साली वाटणीत विहीर त्यांच्याकडं गेली. पाणी दिलं असं सांगितलंस, कारण न दिल्याचं कळलं असतं तर सगळ्यांनी आधी तुझ्याकडंच बघितलं असतं."

"टरफलावरून माणसाला फाशी देतीस व्हय?" तिप्पण्णा म्हणाला.

"टरफलावरून नाही. ती दुपार तू सांग."

तिप्पण्णानं डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला.

"रोज मागाय जायचो. त्या दिशी दादा म्हणला, तुझी तूर वाळू दे, हीर माझी हाय. फावडं त्याच्याच हातातलं हिसकलं."

तीन वर्षं सणाचं पहिलं ताट भागम्मानं ह्याच दिराला वाढलं होतं.

फौजदारांनी त्याला उठवलं. तिप्पण्णाच्या ओठांना कोरड पडली होती. "वैनी, घोटभर पाणी."

भागम्मानं रांजणातून तांब्या काठोकाठ भरला. त्याच्यापुढं आणून धरला. त्याचे हात वर आले, तशी ती वळली आणि तांब्या जगदेवप्पाच्या हातात दिला.

"अण्णा, तुमी प्या."

जगदेवप्पानं एकदा तिच्याकडं पाहिलं. मग तिप्पण्णाच्या डोळ्यांदेखत तांब्या तोंडाला लावला, आणि तळ दिसेपर्यंत खाली घेतला नाही.