गुदगुल्या होणारं झाड

माझं शुद्धलेखन चांगलं नाही. शाळा लवकर सुटली. शब्दही साधेच येतात, तेव्हा वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. बोलायला लागलो की मी अडखळतो, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

मी क्वाक मालकांकडे कामाला आहे. मोठी झाडं मुळांसकट काढायची आणि दुसऱ्या जागी लावायची, हे आमचं काम. आमच्या कांगजिनच्या बाजूला बेरोंगला फार मागणी. तुमच्या तामणाच्या जातीचं झाड, पण खोड गुळगुळीत, साल गळून पडलेली, आणि उन्हाळाभर वर लाल फुलं. तळ्याकाठी, बागेत, चहाच्या दुकानापुढे सगळ्यांना ते हवं असतं. जितकं जुनं आणि वाकडं, तितकं चांगलं. घराच्या अंगणात मात्र म्हातारी माणसं ते लावू देत नाहीत. सोललेल्या हाडासारखं दिसतं म्हणतात. म्हणून जुनी झाडं मिळतात ती थडग्यांपाशी.

त्या रविवारी आम्ही हाम्प्योंगवाल्या आजींकडे गेलो. त्यांचं माहेर हाम्प्योंगचं, म्हणून गावात त्यांना तसंच म्हणतात. टेकडीवर त्यांच्या नवऱ्याच्या थडग्याशेजारचं बेरोंग काढायचं होतं. खरं तर हे झाड थंडी संपता संपता हलवायचं, फुलावर असताना कधीच नाही. मालकांनी तसं सांगितलंही होतं. पण आजींना थांबायला वेळ नव्हता.

त्यांचा मुलगा पिलसू गावची लहान बस चालवायचा. वसंतापासून त्याच्या पायांतली जाणीव गेली होती, गुडघ्याखाली काहीच नाही. इस्पितळात सगळं तपासून झालं, काही सापडलं नाही. मग थडग्याची जमीन शुभ की अशुभ ते बघणारे एक म्हातारे येऊन सांगून गेले, की झाडाची मुळं थडग्यात शिरलीत आणि बापाच्या पायांना गुंडाळलीत. बापाची हाडं आवळली की लेकराचे पाय जातात, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. सोमवारी पिलसूदादाने बस हातात घेतली नाही तर त्याची जागा दुसऱ्याला मिळणार होती.

पिलसूदादाला मी पाठुंगळीला घेऊन टेकडी चढलो. त्याचे पाय माझ्या मांड्यांवर आपटत होते, आणि तो विचारत होता की तिकीट काढू का, की ओळखीवर नेतोस. मालक मागून म्हणाले, की या पोराशी बोलून उपयोग नाही, लग्नातसुद्धा नवरी विचारेल की नवरा कुठाय. मला हसू आलं.

वर वारा अजिबात नव्हता. आधी आम्ही थडग्यावरचं गवत कापलं. मालकांनी मातीच्या उंचवट्यावर तांदळाची दारू ओतली, दोनदा वाकून नमस्कार केला आणि आतल्या म्हाताऱ्याला सांगितलं, की काका, झाड नेतोय, दचकू नका. कापलेल्या गवताचा वास, सांडलेल्या दारूचा आंबूस वास, आणि सगळीकडे पडलेली लाल फुलं. आजी थडग्याशी बसून ती एकेक वेचत होत्या. पिलसूदादाला आम्ही घडीच्या खुर्चीत बसवलं होतं, बूट-मोजे काढून.

"चानी," तो मला म्हणाला, "गुदगुल्या कर ना त्याला. जायच्या आधी एकदा हसू दे."

बेरोंगच्या खोडावर नखाने खाजवलं की वरचा शेंडा थरथरतो. आमच्याकडे लहान मुलं तेच करत मोठी होतात. मी खाली, मुळाजवळ खाजवलं. शेंड्याची फुलं हलली. आणि खुर्चीत पिलसूदादाचा डावा पाय उडाला.



"परत कर," तो हळू म्हणाला.

मी परत केलं. पाय परत उडाला. खोडाच्या दुसऱ्या अंगाला केलं तेव्हा उजवा उडाला. तो हसत होता, गुदगुल्या झाल्यावर माणूस हसतो तसा, पण त्याच्या डोळ्यांत हसू नव्हतं. मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. माझ्या आत कुणीतरी पाणी गोठवल्यासारखं झालं होतं, एवढंच.

मालक म्हणाले, की म्हणजे ते जमीन बघणारे म्हातारे खरं बोलले होते, आता यंत्र आणतो आणि मुळं कापून टाकतो. आजी उठल्या आणि झाडापुढे उभ्या राहिल्या.

"कापायचं नाही. ते कापलंत तर काय कापलं जाईल, सांगता येतं का तुम्हाला? सोडवा. हाताने सोडवा."

मालकांचा हात जाड, म्हणून काम माझ्याकडे आलं. थडग्याच्या बाजूने भोक खणलं आणि मी पोटावर झोपून उजवा हात खांद्यापर्यंत आत घातला. डाव्या हाताने वरची माती धरून ठेवली, नाहीतर ती ढासळली असती. आत गार होतं. शवपेटी कधीच कुजून गेली होती. बोटांना काय काय लागलं ते लिहीत नाही. मूळ मात्र लगेच कळलं. बारीक, गुळगुळीत, दोरीसारखं, वेढ्यावर वेढे घेतलेलं.

मी सोडवत गेलो. बाहेरून पिलसूदादा सांगत होता.

"घोट्याशी आहेस... आता टाच... हळू, चानी..."

मग तो म्हणाला, "आई, गवत टोचतंय."

आजींनी त्याचा डावा पाय दोन्ही हातांत धरला आणि तोंड त्यावर ठेवलं.

उजव्या पायाशी मी पोहोचलो तेव्हा माझा हात बधिर झाला होता. आधी बोटं, मग मनगट. मला वाटलं, गारठ्यामुळे असेल. हात आत काय करतोय हे मला कळेना. मालकांनी विचारलं, निघतंय का. मी म्हटलं, माहीत नाही. तरी मूळ सुटत होतं. पडलेली वस्तू कुणी उचलून हातात द्यावी, तसं ते माझ्या मुठीत येत होतं. मी फक्त ओढत होतो.

"झालं," पिलसूदादा म्हणाला. खुर्चीला धरून तो उभा राहिला.

बाकीचं नेहमीचं काम होतं. झाड जगावं म्हणून सगळी पानं-फुलं उतरवली, मुळांचा गड्डा गवताच्या दोरीने आवळला, यंत्राने उचलून गाडीत ठेवला आणि दिवस मावळायच्या आत तळ्याकाठच्या बागेत लावला. नागडं झाड, चार काठ्यांच्या आधाराने उभं. आजींनी आम्हाला चिकट भाताचे लाडू बांधून दिले होते. पिलसूदादा स्वतःच्या पायांनी टेकडी उतरला होता.

सकाळी उठलो तेव्हा हात तसाच होता. आईने सोयाबीनच्या कोंबांचं गरम सार दिलं, वाटी उजव्या हातात धरली, काहीच कळलं नाही. बाहेर पडलो आणि पहिली बस धरली. पिलसूदादाला बस चालवताना बघावंसं वाटलं.

तो खूश होता. बूट चकचकीत. म्हातारी माणसं चढताना त्याच्या पाठीवर थाप मारत होती, एक जण म्हणाला की आता तरी खड्डे चुकव. बाजारापाशी सगळे उतरले. मी त्याच्या मागे, जरा बाजूच्या सीटवर बसलो होतो. पुढे घाटाचा उतार होता.

"चानी," त्याने आरशातून बघत विचारलं, "काल तू दोन्ही हात घातले होतेस ना आत?"

मी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं.

"डाव्या पायाला एकच होता. उजव्याला दोन होते. एक तुझा, घामट. दुसरा... मोठा. तोच सगळं सोडवत होता." तो थोडं हसला. "तुझा निघाला, कळलं मला. तो अजून आहे. दुखत नाही काही. नुसता पायावर ठेवलाय. मी ब्रेक दाबला की तोही दाबतो."

मी म्हटलं, हो, दोन्ही घातले होते.

"असं होय," तो म्हणाला. आणि माझं तोंड नीट बघावं म्हणून त्याने मान पूर्ण मागे वळवली.

पुढे वळणावर रस्त्यात एक म्हातारी मिरच्या वाळायला पसरत बसली होती, बसकडे पाठ करून. मला ओरडता आलं नाही. मी फक्त खाली बघितलं. पिलसूदादाचे दोन्ही पाय सीटखाली मागे ओढलेले होते, एकावर एक ठेवलेले. ब्रेकवर कुणाचाच पाय नव्हता.

बस हळू झाली, आणि म्हातारीच्या पाठीशी येऊन अलगद थांबली.

मी उतरलो आणि घरापर्यंत चालत आलो.