मुलं नसलेल्यांचं जहाज

अभिमन पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या केसांत कापसाचे तंतू अडकले होते. धरणगावच्या जिनिंगवरून तो थेट जळगावच्या ट्रॅव्हल ऑफिसात शिरला आणि टेबलामागच्या प्रमिलाला बघून दारातच थबकला. मग म्हणाला, भावाला सिंगापूरच्या जहाजाची सफर करायचीय, चार पोरं आहेत.

प्रमिलानं समुद्र पाहिला नव्हता, पण माहितीपत्रकं तिला तोंडपाठ होती. एक जहाज घरादाराचं... पोरांना घसरगुंडीचा तलाव, सांभाळायला बाया, जेवताना कल्ला. दुसरं शांत, पोरंबाळं नसलेल्यांचं. भावासाठी पहिलं ठरलं. काम संपलं.

तरी तो पुढच्या शनिवारी आला. त्याच्या पुढच्याही. दर वेळी तीच दोन जहाजं, नवी शंका. जहाजावर भरीत मिळतं का, असंही त्यानं विचारलं.

"वांगी घरून न्या, भाऊ," ती म्हणाली. तो हसला की तिच्या हातातलं पेन अडखळायचं.

सातव्या शनिवारी त्यानं हळूच विचारलं, "समजा, नवराबायकोच जाणार असतील... तर कोणतं?"

प्रमिलानं दोन्ही माहितीपत्रकं मिटली. गेल्या वर्षी तिचं लग्न ठरून सुपारी फुटली होती, साक्रीचं स्थळ. मग तिचं ऑपरेशन झालं, गर्भपिशवी काढावी लागली. चार पुरुष सोयरीक मोडायला आले, पोहे खाल्ले, तिच्या पोटाची चौकशी केली, हात धुऊन गेले. लाज त्यांना वाटायला हवी होती. वाटली हिला, मान वर करून तिनं त्यांची तोंडंसुद्धा पाहिली नाहीत.

आता लपवायचं नाही. हा गेला तर जाऊ दे.

"दुसरं घ्या," ती म्हणाली. "पण बायको मी असेन, तर पहिलं जहाज जन्मात लागणार नाही. मला मूल होणार नाही."

"माले बठ्ठं माहीत शे," तो पुटपुटला. मग मान खाली घालून म्हणाला, "सगळंच. साक्रीचा तो नवरामुलगा माझा मावसभाऊ. त्या चौघांत मी होतो. तोंड उघडलं नाही. इथं तुम्हाला बघितलं, आणि तेव्हापासून हेच सांगायला येतोय."

तिला संताप आला. त्याच्या थोबाडात द्यावी, असं वाटलं. पण वर्षभर छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलला होता – लपवायला आता काही उरलंच नव्हतं.

"पोहे खाल्ले होते?"

"...खाल्ले."

"कसे होते?"

"तिखट. डोळ्यांत पाणी आलं."

"मीच केले होते." आणि ती हसली, वर्षात पहिल्यांदा, मोकळी.

तिनं दुसऱ्या जहाजाचा फॉर्म पुढं ओढला. त्याचं नाव लिहिलं, खाली स्वतःचं. 'मुले' या रकान्यात ठळक आडवी रेघ मारली.

"सही करा, भाऊ," ती सवयीनं म्हणाली.

"भाऊ तेवढं खोडा," तो म्हणाला, आणि पेन घेताना तिची बोटं सोडायला विसरला.