मोरोक्कोचे गव्हले

"सगळ्यात जाड रवा द्या. ह्याच्यापेक्षा जाड... नाही का?"

वाण्याच्या दुकानात माझ्यापुढे उभा असलेला माणूस हे तिसऱ्यांदा विचारत होता. वाण्याने तीन पोत्यांतला रवा तीन कागदांवर काढून ठेवला होता आणि हा गृहस्थ चिमूट चिमूट तळहातावर घेऊन उन्हात धरून बघत होता. माझ्या हातात जड पिशवी, डोक्यावर कार्तिकातलं ऊन आणि महिला मंडळातला माझा पाककृतींचा वर्ग अर्ध्या तासावर आलेला. माझा स्वभाव मुळातच फार गोड नाही.

"रवा घ्यायचाय की मोती पारखायचेत?" मी म्हटलं.

तो वळला. रागावला नाही. उलट हसला — आधी डोळे हसले, मग ओठ. हे माझ्या उगीचच लक्षात राहिलं.

"मोतीच पायजेत की," तो म्हणाला. "रव्याचे. तुम्हाला करता येतात?"

ही अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. त्याचं नाव यज्ञेश्वर हेर्लेकर. शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो इंजिनिअर होता. तो कारखाना पाण्याचे पंप मोरोक्कोला पाठवायचा आणि पंपांच्या मागोमाग ह्यालाही. तिथल्या एका खेड्यात, इद्रिस नावाच्या इंजिनिअरच्या घरी, तो सात महिने राहिला होता. आता तोच इद्रिस कारखाना बघायला कोल्हापुरात आला होता. काल, म्हणजे सोमवारी, पहिल्याच जेवणात तांबड्या रश्श्याने त्याला रडवलं. तेव्हापासून तो केळी आणि उकडलेली अंडी खात होता.

"त्याच्या आईनं मला दर शुक्रवारी कुसकुस करून घातला," यज्ञेश्वर म्हणाला. "रव्याचे बारीक मोती, वाफवलेले, वर सात भाज्यांचा रस्सा. एक शुक्रवार चुकला नाही तिचा. आणि माझ्या गावात तिचा मुलगा केळ्यांवर... बरं दिसतं का ते?"

मला ते फार आवडलं. मुलं आईच्या हातचं खातात आणि विसरतात. हा दुसऱ्याच्या आईचं खाऊन लक्षात ठेवून होता.

"मंगळवार पेठेत दत्तोपंत मास्तरांचं घर विचारा," मी म्हटलं. "संध्याकाळी या. रवा मी घेते. तुम्ही निवडलेल्याचा शिरासुद्धा व्हायचा नाही."

संध्याकाळी तो आला, पाय धुतले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबला. बाहेरच्या खोलीत बाबा गणिताचे पेपर तपासत होते. त्यांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं, नाव विचारलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

"ये की आत," माझी आई, माई, म्हणाली. "परात काय बाहेर आणू?"

मी आधीच रव्यात हात घातला होता. पाककृतींच्या वर्गाची बाई मी, मला कोण शिकवणार? पाण्याचा हबका मारला, चोळलं, आणि पाच मिनिटांत परातीत मोठा थोरला गोळा झाला.

"छान आहे," तो म्हणाला.

"खोटं बोलू नका."

"गोळा म्हणून छान आहे की."

मग त्यानं बाह्या सरसावल्या. "पाणी शिंपायचं, ओतायचं नाही. वरून थोडं पीठ भुरभुरायचं. आणि दाबायचं नाही... नुसतं फिरवायचं. असं." बोटं पसरून त्याचा तळहात नव्या रव्यावरून गोल गोल फिरायला लागला. नखांच्या कडांना मशीनचं तेल बसलेलं, साबणाने घासून घासून कातडी लाल झालेली. आणि तरी इतकं हलकं फिरणं! मी बघतच राहिले. कढईला कान पकडून उचलणारे पुरुष मी पाहिले होते. रव्याला न दुखवणारा हा पहिलाच.

"तिथं सगळी गल्ली बघायला यायची," तो म्हणाला. "बाप्या परातीत हात घालतोय म्हणून."

"लाज नाही वाटली?"

"भूक लागली होती. भुकेल्याला लाज कसली?"

परातीत मोहरीएवढे दाणे जमायला लागले, तशी माई वाकून म्हणाली, "अगं, हे तर आपले गव्हलेच. जरा लहान, एवढंच." आमच्याकडे लग्न ठरलं की मुहूर्ताला बायका जमून रव्याचे गव्हले वळतात, खिरीसाठी, एकेक दाणा चिमटीत. मोरोक्कोच्या बायकांनी तेच काम तळहातावर घेतलं होतं. मला उगीच त्या बायकांचा अभिमान वाटला.

बुधवारी माझा हात बसला. यज्ञेश्वरनं माझ्या तळव्यावरचे तीन दाणे उचलले, दिव्याशी धरले.

"तुमच्या हाताला..." तो म्हणाला आणि थांबला.

"माझ्या हाताला काय?"

"काही नाही. मीठ कमी पडलंय."

"एवढंच?"

"आत्तापुरतं एवढंच." मग परातीकडे बघत म्हणाला, "शनिवारी आम्ही दोघं मुंबईला निघणार. तिथून मोरोक्को. ह्या खेपेला दोन वर्षं."

माझा हात थांबला. "बरंय," मी म्हटलं. "तिथे रवा तरी जाड मिळेल."

तो हसला नाही. मीही नाही. दोन दिवसांची ओळख आमची, पण शनिवारच्या आत त्यानं काहीतरी बोलावं, एवढंच मला हवं होतं. नाही बोलला तर दोन वर्षांत कोण कुठे असेल ते देवाला माहीत. इतर वेळी मी मोठी बोलभांड. ह्या वेळी मात्र रव्यात मीठ घातलं आणि नुसती फिरवत बसले.

गुरुवारी मी आणि माईनं मागच्या अंगणात बाबांचं पांढरं धोतर पसरलं आणि त्यावर दाणे वाळत घातले. धोतर काठोकाठ भरलं. तेवढ्यात धोंडुबाई दूध घालायला आली. अर्ध्या पेठेला तीच दूध घालायची. दुधाबरोबर बातम्याही.

"व्हय माई, गव्हलं? आन् येवढं?"

"पाहुण्यांसाठी गं," माई दाणे पसरत म्हणाली. "उद्या जेवायला आहेत. लांबचे, परदेशातले."

धोंडुबाईनं किटली खाली ठेवली. मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं, कानशिलावर बोटं मोडली आणि रोजच्यापेक्षा पावशेर दूध जास्त घालून गेली.

"हिला आज काय झालं?" मी विचारलं.

"थंडी पडली, म्हशी जास्त देत असतील," माई म्हणाली.

शुक्रवारी पहाटेपासून मी चुलीपुढे. गाजर, लाल भोपळा, कोबी, नवलकोल, वांगी, दोडका, टोमॅटो. रात्री भिजवलेले काबुली चणे. दालचिनी, सुंठ, जिरं, धणे, मिरी, हळद आणि केशराच्या चार काड्या. माईचा हात तीनदा चटणीच्या बरणीकडे गेला, तीनदा मी तो धरला. रश्श्याच्या पातेल्यावर चाळणी बसवली, आणि मधून वाफ गळू नये म्हणून जोडावर कणकेची वळी लावली. दाणे वाफवले, परातीत उपसले, तूप लावून मोकळे केले, पुन्हा वाफेवर. असं तीन वेळा. तिसऱ्यांदा झाकण काढलं तेव्हा दाणा न् दाणा सुटा होता. आता तो काय म्हणेल, ह्याच एका विचारात मी साडी बदलली.

दुपारी दोघं आले. बाबाही मधल्या सुट्टीत शाळेतून घरी आले होते. पाटांसमोर मोठं ताट मांडलं: मधे दाण्यांचा ढीग, त्यावर भाज्या, वरून पिवळाधमक रस्सा. इद्रिससाहेब उंच, भुऱ्या मिशांचे, केळ्यांनी सुकलेले. त्यांनी उजव्या हाताने घास घेतला, तळव्यावर गोल केला, तोंडात टाकला... आणि डोळे मिटून छातीवर हात ठेवला. एकच शब्द बोलले.

"काय म्हणतात?" माईनं विचारलं.

"आई," यज्ञेश्वरनं सांगितलं.

माईनं पदराने डोळे टिपले आणि आणखी वाढलं. साहेब चार वेळा घेऊन जेवले. घासागणिक माझ्याकडे बघून मान डोलवायचे. पण ज्याच्यासाठी मी तीन दिवस रव्यात हात घालून बसले होते, तो खाली मान घालून दाणे इकडचे तिकडे करत होता. एक शब्द नाही. माझं मन कडू झालं.

हात धुवायला तो मागच्या अंगणात आला. मी तांब्यानं पाणी घातलं, जरा जोरातच. हात पुसून त्यानं पिशवीतून एक पुडकं काढलं. कागदातून जरीचा काठ दिसत होता.

"हे... आहेर. लग्नाला मी नसणार, म्हणून आत्ताच."

"कुणाच्या लग्नाला?"

"तुमच्या." तो माझ्याकडे बघत नव्हता. "धोंडुबाई माझ्या खोलीवरही दूध घालतात. म्हणाल्या, कालिंदीताईचं लगीन ठरलं, नवरा परदेशात असतोय, तयारी म्या सोताच्या डोळ्यानं बघितली. तरी तुम्ही माझ्यासाठी... म्हणजे इद्रिससाठी, इतकं केलंत. तुमच्यासारखं माणूस मी पाहिलं नाही, कालिंदीबाई. ज्याच्या घरी तुम्ही जाल त्याचं..."

पावशेर दुधाचा अर्थ आत्ता माझ्या डोक्यात शिरला. मला राग आला, हसू आलं आणि रडूही आलं, सगळं एकदमच.

"अहो, तिनं काय बघितलं माहीत आहे? गव्हले. एवढे गव्हले फक्त लग्नघरात करतात. वाळत होता तो तुमचा कुसकुस होता."

"म्हणजे..."

"म्हणजे माझं लग्न तुम्हीच ठरवलंत. परातीत हात घालून."

"आणि नवरा?"

"तो अजून कुणी ठरवलेला नाही."

त्यानं पुडकं परत पिशवीत ठेवलं. मग म्हणाला, "काल संध्याकाळपासून माझ्या पोटात अन्न नाही. आत्ताही एवढा सुंदर घास... उतरत नव्हता. कालिंदी—" पहिल्यांदाच नुसतं नाव. "मला तुम्हाला सोडून जायचं नाही. पण दोन वर्षं थांबा, असं कुठल्या तोंडानं सांगू?"

"मी थांबणार नाही."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. मला तेवढंही बघवेना.

"कशाला थांबू? तिकडं पंप एकट्या माणसानंच बसवायचे असा कायदा आहे? लग्न करा आणि मला घेऊन जा. मला तुम्ही आवडता. दुकानात हसलात तेव्हापासून आवडता. झालं?"

मागे कुणीतरी खाकरलं. बाबा दारात उभे होते. किती वेळ ते मला अजून कळलेलं नाही.

"सकाळपासून शाळेत अकरा जणांनी माझं अभिनंदन केलं," ते वर्गात आकडे सांगावेत तशा आवाजात म्हणाले. "घरातलं मला सगळ्यात शेवटी कळतं, म्हणून मी गप्प बसलो. मुलाचं नाव विचारलं की पाणी प्यायला उठत होतो. आता सुट्टी संपत आलीय. किती पाणी पिऊ?" मग यज्ञेश्वरकडे वळून, "उद्याचं जाणं पुढं ढकलता येतं?"

"येतं. ढकलतो."

"घरी विचारायला नको?"

"आई महिनाभर मुलीच शोधतीय. ती पेढे वाटेल."

"मग नाव सांगा."

बाबांना त्याचं नाव मंगळवारपासून माहीत होतं. तरी तो ताठ उभा राहिला, तोंडी परीक्षेला उभा राहावा तसा.

"यज्ञेश्वर हेर्लेकर," तो म्हणाला. आणि मग माझ्याकडे बघून, हळूच, "सांगू दे ना त्यांना शाळेत?"

"सांगू दे," मी म्हटलं.

बाबांनी टोपी घातली, वहाणा पायात सरकवल्या आणि घंटेच्या आत पोचायचं म्हणून ते भराभर शाळेकडे निघाले.