घोडी उलटी बसली होती

तो दुकानात शिरला तेव्हा नखशिखांत भिजलेला होता आणि रेनकोट मात्र गिटारला घातलेला होता. वरपासून खालपर्यंत बटणं लावून.

तिला हसू आवरेना. हातातलं काम बाजूला ठेवत ती म्हणाली, "पेशंटला खुर्चीवर बसवा. तुम्ही तिथेच दारात निथळा."

"पाऊस थांबेपर्यंत उभा राहतो म्हणून आलो हो," तो ओशाळून म्हणाला. मग वरची पाटी वाचली. "पण वाद्यं दुरुस्त करता तर... हिला बघाल? बाहेरून ठणठणीत आहे. दोन गाणी झाली की रुसते, सूर सोडते."

दुकान तिच्या बाबांचं. पण बाबांचे हात आता थरथरायचे, त्यामुळे त्यांनी गिऱ्हाइकांशी गप्पा मारायच्या आणि काम तिनं करायचं, अशी वाटणी झाली होती. तिनं गिटार मांडीवर घेतली, एक खुंटी हळूच पिळली. तार ढिम्म हलली नाही... मग एकदम टुक्‌कन उडाली.

"वरच्या खाचेत अडकतेय. आणि तारा किती जुन्या आहेत या!"

"बदलायचं जिवावर येतं."

तिनं जुन्या तारा काढल्या, शिशानं तार सहज सरकावी म्हणून पेन्सिलीचं टोक खाचांमधून फिरवलं, नव्या तारा नीट गुंडाळल्या आणि एकेक तार बोटानं हलकेच ओढून ताणली.

"हे कशाला?"

"आधीच ताणून घेतलं की नंतर सैल पडत नाहीत."

"माणसांवर चालतो का हा उपाय?"

"अजून कोणी खुर्चीवर बसलं नाही," ती मान वर न करता म्हणाली. बाबा खाकरले.

पाऊस केव्हाचा थांबला होता. तो तरी उभाच होता.

नदीच्या वरच्या अंगाला नवा पूल होत होता, तिथे तो मोजणीचं काम करायचा. पत्र्याच्या खोलीत राहायचा, सुट्टी मिळाली की बस धरून शहरात यायचा. बाबांनी त्याचं नाव 'पुलवाले' ठेवलं. तो तिला 'डॉक्टर' म्हणू लागला.

पुढच्या सुट्टीला तो पुन्हा हजर. हवा दमट होती आणि गिटारची मान किंचित वाकली होती, तारा दाबताना बोटं दुखायची. मानेच्या आतल्या सळईला तिनं चावीनं जरासा पीळ दिला. नीट दिसावं म्हणून तो दिवा धरून वाकला होता, इतका जवळ की त्याच्या केसांना येणारा सिमेंटचा वास तिला जाणवत होता.

"ऐकताना तुम्ही ओठ चावता," तो म्हणाला.

"मग ऐकताना माझ्याकडे बघू नका."

तेवढ्यात पकड टेबलावरून घसरली. "अगं, पाय सांभाळ!" तो ओरडला आणि लगेच लाल झाला. "म्हणजे... सांभाळा."

त्या एका 'अगं'वर तिनं सगळा महिना काढला. भाजी चिरताना, कुलूप लावताना, खिडकीतून रस्ता बघताना. कोणी दुकानाची पायरी चढलं की वाटायचं, तोच.

तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याची तक्रार वेगळी होती. "मोकळ्या तारा सुरात असतात. हात मानेवर वर सरकला की आंबट लागतं. कितीदा जुळवली तरी."

तिनं बाराव्या पडद्यावर बोट नुसतं टेकवून तार छेडली. घंटेसारखा निर्मळ सूर आला. मग तीच तार तिथेच दाबून छेडली. सूर किंचित वर चढला होता.

"ऐकलंत?"

"दोन्ही सारखेच यायला हवेत ना?"

"हवेत."

तिनं तारा सैल केल्या आणि खालच्या बाजूला तारा जिच्यावर टेकतात ती पांढरी पट्टी, घोडी, उपसून काढली. कोणीतरी बदलताना ती उलटी बसवली होती. या पट्टीची धार सरळ नसते, प्रत्येक तार जराशी मागे-पुढे टेकावी लागते. उलट बसली की सगळाच हिशोब चुकतो.

पट्टी बोटांत धरून ती थांबली. एकदा ही नीट बसली की गिटारला काही होणार नव्हतं. आणि नाही बसवली तर महिन्याभरानं तो पुन्हा याच खुर्चीवर असता. बाबांनासुद्धा कळलं नसतं...

पण हात ऐकेनात. तिनं पट्टी सुलट केली, एका तारेखाली कानशीनं केसभर घासली, तारा चढवल्या. पुन्हा टेकवून, पुन्हा दाबून. आता दोन्ही सूर एक होते.

"झालं. आता वर्षानुवर्षं बघायला नको."

"अजिबात नको?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"तारा तेवढ्या बदलत जा. तुम्हालाही जमेल."

तो दारात रेंगाळला. "मग... येतो."

"या."

जाणारा प्रत्येक माणूस 'येतो' असंच म्हणून जातो. तिला ते पहिल्यांदाच इतकं लागलं.

तो आला नाही. एक सुट्टी गेली, दुसरी गेली. "काम इतकं चोख करू नये, पोरी," बाबा एकदा चष्मा पुसत म्हणाले, आणि तिनं चिडून कपाट उघडलं, उगाचच. रविवारी मात्र ती बसमध्ये बसली. मैत्रिणीकडे जाते, असं सांगून. बाबांनी कोणती मैत्रीण ते विचारलं नाही.

नदीकाठी धूळ उडत होती. पिवळं हेल्मेट घातलेला तो मोजणीच्या दुर्बिणीला डोळा लावून उभा होता. मान वळवली आणि बघतच राहिला.

"तुम्ही? दुकान?"

"रविवार आहे."

"गिटार एकदम सुरात आहे," तो चोरी पकडल्यासारखा म्हणाला. "रोज बघतो. वाटतं जराशी तरी उतरावी... उतरतच नाही."

"मग तसंच यायचं."

"काय म्हणून?"

बसमध्ये जुळवलेली सगळी वाक्यं पळून गेली. "मी आलेच ना तशीच? कुठे हत्यारं आणलीत मी?" "काही बिघडलेलं नसताना तू समोर हवा आहेस मला."

त्यानं हेल्मेट काढलं. ते हातात फिरवत तो बोलू लागला.

"महिनाअखेर हे काम संपतंय. पुढचा पूल खूप लांब आहे, दोन दिवसांची वाट. म्हणून नाही आलो. म्हटलं, मन लावायचं आणि निघून जायचं, हे बरं नाही."

"मन लावून झालंय," ती म्हणाली. "जायचं तेवढं राहिलंय."

तो हसला, पण डोळे भरले होते. "दुकान सोडून ये म्हणणार नाही मी तुला."

"म्हणालास तरी नाही येणार. बाबा आहेत." ती पाण्याकडे बघत राहिली. "पण वाट बघेन. तू येत राहा फक्त."

"येईन. काही कारण नसताना येईन."

परतीची बस लागली तेव्हा तो सोडायला आला आणि तिच्या मागोमाग आत चढला. हातात काहीच नव्हतं, गिटारही नाही.

"हे काय? उद्या कामावर?"

"सकाळी पहिली बस असते. आज तुझ्या बाबांशी बोलायचंय."

"आणि हाकललं त्यांनी तर?"

"तर झोपेन स्टँडवर."

ती खळखळून हसली... मग महिनाअखेर आठवली आणि हसू अर्ध्यातच राहिलं. त्याला दिसलं ते. दोघांच्या मधे सीटवर त्यानं तळवा उघडा ठेवला. तिनं त्यात हात दिला.

कंडक्टर जवळ आला. त्यानं तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "दोन."