कार्डावरचं बारसं

सर्व्हरमधल्या डिस्क सांभाळायला वेगळं कार्ड बसवायचं की नुसतं सॉफ्टवेअर, असा वाद निघाला की मी कायम सॉफ्टवेअरच्या बाजूचा. माझा मित्र ओमकार, शिळफाट्यावरचा फोटोस्टुडिओवाला. त्याला हजारदा सांगितलं होतं, "चार डिस्क एकत्र बांधायचं काम कार्डाला दिलंस, तर कार्ड मेल्यावर डिस्क मुक्या होतात. सॉफ्टवेअरनं बांधलेल्या कुठल्याही मशीनला लाव, बोलतात." तो हसायचा. पालथ्या घड्यावर पाणी; त्यानं कार्डच बसवलं.

पुढं भिवपुरीहून येताना तो अपघातात गेला. त्याची मुलगी रिया त्यानंतर जन्मली; आता ती तीन वर्षांची आहे.

गेल्या आठवड्यात त्याच्या बायकोचा, हर्षलावहिनींचा फोन आला. स्टुडिओतला सर्व्हर बंद पडला होता, आणि रियाच्या बारशाचा व्हिडिओ त्यातच होता. तपासलं तर कार्ड जळालेलं, एक डिस्कही गेलेली. मी तसलंच जुनं कार्ड शोधून दुपारी बसवलं, नवी डिस्क घातली.

"उरलेल्या तिघींवरून कार्ड चौथीचं सगळं नव्यानं लिहून काढतं," मी वहिनींना म्हणालो.

"गेलेलं जसंच्या तसं येतं?"

"अगदी तसंच."

स्टुडिओचं शटर अर्धं ओढलेलं. तापलेल्या धुळीचा वास येत होता, आणि त्यात हळूहळू ओमकारच्या चमेलीच्या तेलाचा वास मिसळला. काम संपल्यावर व्हिडिओ लावला. आत्या पाळण्यावर वाकून रियाच्या कानात नाव सांगत होती. तिच्या मागं, दारात, ओमकार उभा होता.

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. कार्डावरून आता डिस्कची मांडणी कळली होती; ती देऊन त्याच तीन जुन्या डिस्क मी माझ्या लॅपटॉपला लावून सॉफ्टवेअरनं वाचल्या. तोच व्हिडिओ, दार रिकामं. त्याची कॉपी मी लॅपटॉपवर घेतली. डिस्क परत कार्डाला जोडल्या. आता तो पाळण्यापाशी होता. दोरी त्याच्या हातात होती.

"वहिनी, माझी कॉपी ठेवा. कार्ड मी नेतो..."

"नको, भाऊजी. पोरीनं बाप बघितला नाय. ऱ्हाऊ दे."

"तो पुढं सरकतोय..."

"लेकीसाठीच येतोय ना."

कार्ड उपसून काढायला हवं होतं, कळत होतं मला. पण पडद्यावर मित्राचा चेहरा होता. मला जमलं नाही. मी कर्जतला परतलो.

आज सकाळी माझ्याकडची कॉपी उघडली. दार रिकामंच होतं. बायका पाळणा म्हणत होत्या, आत्या वाकून नाव सांगत होती. पाळण्यात कोणी नव्हतं.

मी घाईनं फोन लावला. "वहिनी, रिया कुठंय?"

"हाय की इथंच, माझ्या मांडीवर. स्टुडिओत बसलोय आमी, व्हिडिओ बघतोय."

"तिला फोन द्या जरा... दोन शब्द बोलू दे."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. मग वहिनीच बोलल्या, अगदी हळू.

"बोलतेय की ती, भाऊजी. कवाची बोलतेय... तुमाला ऐकू येत नाय?"

मला फक्त सर्व्हरच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती.