सोबतलशीचा नकाशा

त्या वर्षी सोनखाडीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण सरकारने पुरवलं होतं. तिळगुळाची पुडी, आणि तळहात तपासायचा एक चिमुकला निळा दिवा!

कारण या गावात लस टोचत नव्हते. ती एका हातावरून दुसऱ्या हातावर जात होती.

डॉ. सानिका परुळेकरने तिचं नाव ठेवलं होतं सोबतलस. आपल्या त्वचेवर एरवीही असंख्य निरुपद्रवी जंतू नांदत असतात. त्यांतल्या एकाला तिने दर उन्हाळ्यात गावात येणाऱ्या खाडीतापाची खूण शिकवली होती. तो अंगावर वस्तीला आला की आठवड्याभरात शरीर त्या तापाशी लढायला तयार होई आणि निळ्या दिव्याखाली तळहात हिरवा दिसे. भांड्यावर, कपड्यावर मात्र तो जंतू लगेच मरे. त्याला माणसाचा उबदार हातच लागे.

गावसभेने आनंदाने होकार दिला होता. पण लस घरोघर पोचवायची कशी? ते सुचवलं होतं मेधाआत्याने, तेही नकळत. आईवेगळ्या सानिकाला तिनेच वाढवलं होतं.

"आम्ही एका संध्याकाळी पंधरा पंधरा घरं करायचो गं," जुन्या आठवणीत रमून ती म्हणाली होती. "मनगटावर अत्तर चोळायचं, ओटीत ओले हरभरे, बोरं. घरी येईपर्यंत हाताला दहा अत्तरांचा वास!"

सानिका ताडकन उठली होती. "आत्या, हाच माझा रस्ता!"

आणि खरंच, काय वेगाने पसरली ती! बायकांकडून मुलांना, मुलांकडून शाळेला. संगणकावरच्या नकाशावर प्रत्येक माणसाचा एक ठिपका होता, आणि रोज नवी आळी हिरवी होत होती. कॉलेजात असताना पाण्याच्या पिंपांत टॉर्च मारून डासांच्या अळ्या शोधणारी सानिका आयुष्यभर एकच गोष्ट सांगत आली होती: रोग येण्याआधी आपण पोचायचं. यंदा ती पोचली होती. आज रथसप्तमी. संध्याकाळी तिच्याच घरी हळदीकुंकू, आणि आरोग्य संचालकबाई स्वतः येऊन सोबतलस राज्यभर नेण्याची घोषणा करणार होत्या.

"बघ आत्या! शंभरात पंच्याण्णव हिरवे!"

"आणि उरलेल्या पाचांचं काय?"

"त्यांच्याभोवती सगळे सुरक्षित असले की तापाला त्यांच्यापर्यंत वाटच मिळत नाही. विखुरलेले असले म्हणजे झालं."

"हे कुठे विखुरलेत?" आत्याने चष्मा सावरला. "देवळामागे घोळकाच दिसतोय."

सानिकाही वाकली. करड्या ठिपक्यांचा दाट पुंजका होता. "यंत्र चुकलं असेल. तिथे एकाला जरी लस मिळाली असती, तरी सगळ्यांत पसरली असती."

"यंत्र बरोबर आहे. आमचं भजनी मंडळ आहे ते. ही वैशाली, मुलगा कॅनडात. ही अश्विनी. मागच्या उन्हाळ्यात आमच्यातल्या दोघी तापाने गेल्या, त्यानंतर या दोघी मंडळात आल्या." तिने सहज बोट पुढे सरकवलं. "आम्हा नवरा नसलेल्यांना कोण बोलावणार हळदीकुंकवाला?"

"आता कुणी अडवत नाही, आत्या!"

"नाही अडवत. वाण घरपोच पाठवतात. फाटकाला पिशवी अडकवून जातात. चांगली असतात गं माणसं."

सानिकाचा आवाज खाली आला. "पण तू माझ्या घरात राहतेस. महिनाभर माझ्या हातावर लस आहे."

"तू कामात होतीस. चहा टेबलावर ठेवून पळायचीस."

आत्याने निळा दिवा लावून तळहात त्याखाली धरला. तो नुसता सुरकुतलेला, फिकट दिसत होता.

"ताप होळीपर्यंत येईल," सानिका घाईने म्हणाली. "हात दे. मग आपण तशाच देवळात जाऊ, सगळ्यांचे हात धरू. आज रात्रीपर्यंत—"

दारावरची घंटा वाजली. बाहेर बायकांच्या हसण्याचा आवाज, अत्तराचा वास.

"आत्ता नको, सानू," आत्या मागच्या खोलीकडे सरकत पुटपुटली. "सवाष्णी आल्यात. तुझा मोठा दिवस आहे. त्या जाऊ देत, मग बघू."

"आत्या, हात दे!"

सानिकाने आपला हात पुढे केला. आत्याने दोन्ही हात शालीखाली घेतले.